सहा ठिकाणची रोजकीर्द

अ‍ॅमेझॉनचा ऑरोरा हा डेटाबेस वापरणाऱ्या कंपनीच्या बिलात एक ओळ असते, जिच्यापाशी नवखा माणूस हमखास अडखळतो. सर्व्हरचं तासाचं भाडं समजतं. साठवणुकीचं जीबीमागचं भाडंही समजतं. पण त्याखाली ‘आय/ओ रिक्वेस्ट’ असं लिहून काही कोटींचा आकडा असतो आणि त्यापुढे डॉलर. डेटा तेवढाच, सर्व्हर तोच, मग मागच्या महिन्यात तीस डॉलरची असलेली ही ओळ या महिन्यात तीनशेची कशी झाली? अकाउंट्सवाल्यांकडे याचं उत्तर नसतं. ते हवं असेल तर डेटाबेस आपला डेटा लिहितो कसा, ठेवतो कुठे आणि त्याच्या प्रती कशा राखतो, इथपर्यंत उतरावं लागतं. क्लाउडवरच्या डेटाबेसची गंमतच ही आहे की त्याच्या रचनेतला जवळजवळ प्रत्येक निर्णय बिलात कुठे ना कुठे उमटतो.

रिलेशनल डेटाबेस तसा जुनाच. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधात मांडलं की माहिती रांगा आणि रकान्यांच्या कोष्टकांत ठेवावी, आणि ती डिस्कवर नेमकी कुठे पडली आहे याची काळजी वापरणाऱ्याने करू नये. वापरणाऱ्याने करू नये, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी करायची. हा दुसरा म्हणजे कंपनीतला डीबीए. सर्व्हर मागवणं, डिस्कचं रेड लावणं, रात्रीचा बॅकअप, पॅच, आणि मध्यरात्री डिस्क भरली की येणारा फोन, हे सगळं त्याच्या वाट्याचं. ऑक्टोबर २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने आरडीएस ही सेवा सुरू केली, आधी फक्त मायएसक्यूएलसाठी. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टची एसक्यूएल अझ्युर आली आणि मग गूगलची क्लाउड एसक्यूएल. डीबीएच्या कामातला रटाळ भाग तासाच्या दराने विकत मिळू लागला.

रटाळ भागच, हे ध्यानात घेतलं पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टिम, पॅच, बॅकअप आणि सर्व्हर पडला तर दुसरा उभा करणं, इतकं कंपनी बघते. त्या बदल्यात यंत्रावर लॉगिन करण्याचा तुमचा हक्क जातो. मात्र टेबलांची रचना, इंडेक्स, क्वेरी, पासवर्ड हे सगळं तुमच्याचकडे राहतं. ‘मॅनेज्ड घेतलंय, आता डीबीए कशाला’ असं म्हणणाऱ्या कंपन्या सहा महिन्यांनी डीबीए शोधत हिंडताना दिसतात त्या यामुळे.

आधी डिस्कचं बघू. आरडीएसच्या सर्व्हरला जोडलेली डिस्क त्या सर्व्हरच्या पेटीत नसते. ती शेजारच्या दुसऱ्याच यंत्रांवर असते आणि नेटवर्कवरून जोडलेली असते. ईबीएस म्हणतात ती हीच. याचा फायदा उघड आहे. सर्व्हर बंद पडला तरी डेटा जागेवर असतो, डिस्क दुसऱ्या सर्व्हरला जोडली की काम सुरू. पण यात प्रत्येक वाचन आणि प्रत्येक लेखन नेटवर्कवरून जातं, आणि जे नेटवर्कवरून जातं ते मोजता येतं, त्यावर मर्यादा घालता येते. तशी ती घातलेलीच आहे.

ही मर्यादा कशी चावते ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. जीपी२ नावाच्या जुन्या, पण अजून बऱ्याच ठिकाणी चालू असलेल्या डिस्कला दर जीबीमागे सेकंदाला ३ आय/ओ (वाचनं किंवा लेखनं) मिळतात. म्हणजे १०० जीबीची डिस्क घेतली तर सेकंदाला ३००. मात्र लहान डिस्कला गरजेपुरती ३,००० पर्यंत उडी मारता येते, आणि त्यासाठी ५४ लाख क्रेडिटचा साठा दिलेला असतो. आता समजा, कुठल्याशा परीक्षेचा निकाल दुपारी एकला लागणार आहे आणि संकेतस्थळामागचा डेटाबेस अशा १०० जीबीच्या डिस्कवर आहे. एकच्या ठोक्याला गर्दी उसळते. डिस्क ३,००० च्या वेगाने धावू लागते आणि सगळे खूश होतात. पण सेकंदाला ३०० क्रेडिट जमा होत असताना ३,००० खर्च होत आहेत, म्हणजे साठ्यातून सेकंदाला २,७०० कमी होत आहेत. ५४ लाखांना २,७०० ने भागलं की २,००० सेकंद येतात, तेहेतीस मिनिटं. दीडच्या सुमारास साठा संपतो, वेग एकदम दहाव्या हिश्श्यावर येतो आणि संकेतस्थळ झोपतं. सर्व्हरचा सीपीयू त्या वेळी वीस टक्क्यांवर निवांत असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काही उमगत नाही. घाईघाईने मोठा सर्व्हर घेतला जातो आणि त्याने काडीचाही फरक पडत नाही. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीपी३ या प्रकारात डिस्क कितीही लहान असली तरी ३,००० आय/ओ कायमचे मिळतात. जुन्या डिस्क त्यावर हलवून घेणं हे बहुतेक ठिकाणी सर्वांत स्वस्तातलं सुधारकाम असतं. तरी ते वर्षानुवर्षं राहून जातं.

आरडीएसच्या साठवणुकीचा आणखी एक स्वभाव आहे: ती वाढते, पण घटत नाही. १०० ची ५०० जीबी करता येते, ५०० ची १०० नाही. एकदा वाढवली की पुढचा बदल निदान सहा तास करता येत नाही. कुणी एका शनिवारी एखादी तात्पुरती टेबल ओतली, आपोआप वाढीची सोय चालू असल्याने डिस्क फुगली आणि सोमवारी ती टेबल पुसून टाकली, तरी फुगलेल्या डिस्कचं भाडं चालूच राहतं. त्यातून सुटायचं तर नवा डेटाबेस उभारून सगळा डेटा तिकडे हलवावा लागतो.

आता ऑरोराकडे वळू, कारण साठवणूक आणि प्रती यांचा विचार मुळापासून वेगळा केला तो तिथे.

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. दिवसभराचा प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकिर्दीत उतरायचा, आणि मुनीम मग सवडीने तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायचा. खतावणीचं पान भिजलं किंवा फाटलं तरी रोजकीर्द शाबूत असली की ते पुन्हा मांडता येई. रोजकीर्दच गेली, तर मात्र पेढी बुडाली. डेटाबेसही असाच चालतो. तुम्ही एका रांगेत बदल केला की तो आधी लॉगमध्ये, म्हणजे रोजकिर्दीत, एकामागून एक असा लिहिला जातो. लॉग डिस्कवर पोचला की ‘कमिट झालं’ असं उत्तर मिळतं. टेबलचं खरं पान, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये १६ केबीचं, तोवर फक्त मेमरीत बदललेलं असतं आणि डिस्कवर मागाहून उतरतं. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना डेटाबेस लॉग वाचतो आणि राहिलेली खतावणी पुरी करतो. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत जिम ग्रे होते, ज्यांना १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. आणि वीज गेल्यावर लॉगवरून नेमकं कसं सावरायचं याची आजही शिकवली जाणारी पद्धत, एरीज, १९९२ साली आयबीएममधून सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. मोहन आयआयटी मद्रासचे.

हे सगळं एका यंत्रावर ठीक चालतं. क्लाउडवर प्रत्येक लेखन नेटवर्कवरून जाऊ लागलं तेव्हा पंचाईत झाली. मायएसक्यूएलमध्ये एका लहानशा बदलासाठी लॉग लिहावा लागतो. प्रतींसाठी ठेवलेला बिनलॉग हा दुसरा लॉग लिहावा लागतो. पुढे १६ केबीचं आख्खं पान लिहावं लागतं, आणि पान अर्धवट लिहिलं जाऊन बिघडू नये म्हणून तेच पान आणखी एकदा दुसरीकडे. ईबीएस स्वतःच्या खबरदारीसाठी प्रत्येक लेखनाची जोडप्रत ठेवतं. वर दुसऱ्या झोनमध्ये, म्हणजे दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये, स्टँडबाय (राखीव सर्व्हर) ठेवला असेल तर हे सगळं तिथेही होतं. बदल शंभर बाइटचा आणि धावाधाव शेकडो पटींची. शिवाय यातल्या काही पायऱ्या एकीचं उत्तर आल्याशिवाय दुसरी सुरूच होऊ शकत नाही अशा आहेत. त्यामुळे साखळीतली सर्वांत हळू डिस्क सगळ्यांचा वेग ठरवते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या आणि जुलै २०१५ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ऑरोराने विचारलेला प्रश्न साधा होता. रोजकिर्दीवरून खतावणी केव्हाही मांडता येते, तर मग खतावणीची पानं नेटवर्कवरून पाठवायचीच कशाला? फक्त रोजकीर्द पाठवा आणि मांडणी साठवणुकीच्या यंत्रांनाच करू द्या. ऑरोराचा डेटाबेस सर्व्हर डिस्कवर पान कधीच लिहीत नाही. तो फक्त लॉगच्या नोंदी पाठवतो. साठवणुकीचं यंत्र नोंद घेतं, आपल्या डिस्कवर टिपतं आणि लगेच पोच देतं. त्या नोंदीवरून पान तयार करणं, जुन्या नोंदी आवरणं, बॅकअपसाठी एस३ या साठवण-सेवेवर पाठवणं, हे सगळं ते मागाहून आपल्या सवडीने करतं. ग्राहकाला थांबावं लागतं ते फक्त पोच येईपर्यंत.

ऑरोराच्या अभियंत्यांनी २०१७ च्या सिगमॉड परिषदेतल्या निबंधात आकडे दिले आहेत. १०० जीबीच्या डेटावर अर्धा तास नुसती लेखनं चालवली. दोन झोनमध्ये जोडप्रत ठेवलेल्या मायएसक्यूएलला डेटाबेस सर्व्हरवरून दर व्यवहारामागे सरासरी ७.४ आय/ओ लागले, ऑरोराला ०.९५. तेवढ्याच वेळात ऑरोराने ३५ पट व्यवहार पुरे केले. चाचणी अ‍ॅमेझॉनच्याच माणसांनी, आपल्याला सोयीचा भार निवडून केलेली आहे, तेव्हा ३५ हा आकडा आपल्या कामाला लागू पडेल असं समजू नये. पण कारण इतकं सरळ आहे की दिशा पटते. आणि हे सगळं दोन नव्हे, सहा प्रती ठेवून.

सहाच का, हे पाहण्यासारखं आहे. मोठ्या क्लाउड कंपन्या एका शहराच्या परिसरात, म्हणजे एका ‘विभागात’, तीन किंवा जास्त ‘अ‍ॅव्हेलेबिलिटी झोन’ ठेवतात. प्रत्येकाची वीज, थंडावा, नेटवर्क वेगळं, म्हणजे आग किंवा पूर एकालाच गाठेल. तीन झोनमध्ये एकेक प्रत ठेवली आणि तीनपैकी दोघांची पोच पुरेशी धरली तर? पुस्तकात हे चालतं. पण हजारो डिस्क असतात तिथे कुठली ना कुठली डिस्क कायम बिघडलेलीच असते. अशा वेळी एक आख्खा झोन गेला आणि उरलेल्या दोघांतली एक प्रत आधीच आजारी असली, तर एकच प्रत उरते, आणि ती ताजी आहे की शिळी हे सांगायला कुणी नसतं. म्हणून ऑरोरा प्रत्येक झोनमध्ये दोन, अशा सहा प्रती ठेवतं. लेखन पक्कं मानायला सहापैकी चौघांची पोच लागते, वाचून खात्री करायला तिघांची. चार आणि तीन मिळून सहापेक्षा जास्त, त्यामुळे कुठल्याही तिघांत निदान एकाकडे ताजी नोंद सापडतेच. एक झोन गेला तर चार उरतात आणि लेखन चालू राहतं. झोन आणि वर आणखी एक प्रत गेली तर तीन उरतात. लेखन थांबतं, पण डेटा हरवत नाही आणि चौथी प्रत पुन्हा उभी करता येते.

ती किती वेळात उभी होते यावर सगळी मदार आहे, कारण त्या वेळात दुसरा बिघाड व्हायला नको. म्हणून ऑरोरा डेटा १० जीबीच्या तुकड्यांत पाडतं आणि प्रत्येक तुकड्याच्या सहा प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर विखरून ठेवतं. सेकंदाला १० गिगाबिट नेटवर्कवरून १० जीबी तुकडा साधारण १० सेकंदांत पुन्हा भरला जातो. तेवढ्या दहा सेकंदांत नेमका एक आख्खा झोन पडून त्याच तुकड्याची आणखी एक प्रतही जायला हवी, तरच डेटा धोक्यात येईल. ही सोय झाल्यावर अभियंत्यांनी तिचा दुसराही उपयोग करून घेतला. एखाद्या यंत्रावर फार ताण आला किंवा त्याला पॅच लावायचा असला, तर त्यावरचे तुकडे सरळ ‘बिघडलेले’ ठरवायचे. बाकीची यंत्रणा ते दुसरीकडे उभारून मोकळी होते.

वाचताना दर वेळी तिघांना विचारलं जातं असं मात्र नाही. कुठल्या यंत्राने कुठवरच्या नोंदींची पोच दिली आहे हे डेटाबेस सर्व्हरला ठाऊकच असतं, म्हणून तो एका ताज्या यंत्राकडून पान मागवतो. तिघांना विचारावं लागतं ते सर्व्हर कोसळून पुन्हा उठतो तेव्हा. त्या वेळीही नेहमीच्या मायएसक्यूएलसारखा लॉग वाचत बसावं लागत नाही, कारण खतावणी साठवणुकीच्या यंत्रांवर सतत मांडली जातच असते.

या सहा प्रतींचं भाडं तुम्ही एकदाच भरता. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागात ऑरोराच्या साधारण प्रकारात जीबीला महिन्याला १० सेंट, प्रती सहा असल्या तरी. साठा आगाऊ मागवावा लागत नाही, वापराप्रमाणे वाढतो. पूर्वी ऑरोराही पुसलेल्या डेटाची जागा परत देत नसे आणि बिल कधी काळी गाठलेल्या उंचीवरच राही. ऑक्टोबर २०२० पासून ही जागा कमी होऊ लागली.

आता प्रतींचा दुसरा अर्थ, ज्याबाबत सर्वांत जास्त गोंधळ असतो. आरडीएसमध्ये दोन प्रकारच्या प्रती मिळतात आणि दोन्ही वेगळ्या कामाच्या आहेत. ‘मल्टी-एझेड’ घेतलं की दुसऱ्या झोनमध्ये स्टँडबाय उभा राहतो. प्रत्येक लेखन तिकडेही पोचल्याशिवाय कमिट होत नाही. मुख्य सर्व्हर पडला की एक-दोन मिनिटांत नाव तिकडे वळवलं जातं. पण हा स्टँडबाय एरवी काहीच करत नाही, त्याच्यावर वाचनही चालवता येत नाही, आणि भाडं जवळजवळ दुप्पट. ‘दुप्पट पैसे देऊन एक सर्व्हर नुसता बसवून ठेवायचा?’ हा प्रश्न प्रत्येक कंपनीतला वित्तविभाग एकदा तरी विचारतो. म्हणून २०२२ मध्ये वाचता येणारे दोन स्टँडबाय असलेला प्रकारही आला. दुसरी प्रत म्हणजे ‘रीड रेप्लिका’. ती वाचनाचा भार वाटून घेते, पण मागाहून भरली जाते, त्यामुळे थोडी मागे असते.

हे ‘थोडी’ कधी मिलिसेकंदांचं असतं, कधी मिनिटांचं. कुणी अर्ज भरून ‘सबमिट’ दाबतो. अर्ज मुख्य सर्व्हरवर उतरतो. पुढचं पान रेप्लिकावरून वाचतं आणि सांगतं, ‘अर्ज सापडला नाही’. माणूस पुन्हा भरतो. दोन अर्ज, दोनदा फी. दोष डेटाबेसचा नसतो. नुकतंच लिहिलेलं वाचायचं असेल तर मुख्य सर्व्हरकडेच जावं, हा नियम ॲपमध्ये कुणी घातलेला नसतो. ऑरोराच्या रेप्लिका मुख्य सर्व्हरच्याच साठवणुकीतून वाचतात, त्यांना स्वतःची प्रत भरावी लागत नाही. फक्त मेमरीतली पानं अद्ययावत करायची असतात. म्हणून त्या बहुधा १०० मिलिसेकंदांच्या आतच मागे असतात आणि पंधरापर्यंत जोडता येतात.

आणि प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य पुस्तकात वाचून पटत नाही, ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबची हकीकत वाचून पटतं. त्यांचा पोस्टग्रेस ते स्वतःच चालवत होते. दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत मागे पडली म्हणून रात्री उशिरा एक अभियंता तिथला डेटा पुसून ती नव्याने भरायला गेला, आणि आज्ञा दिली गेली ती मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधू लागले. रोजचा डंप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, आणि तशी सूचना देणारे ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. अखेर कामाला आली ती एक स्नॅपशॉट, जी कुणीतरी चाचणीसाठी सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवली होती. सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, सावरण्याचं काम थेट प्रक्षेपित केलं आणि पुढे सविस्तर लिहिलं. म्हणून तर आज ते शिकवायला मिळतं.

मॅनेज्ड सेवेत यातला बराच भाग आपोआप होतो. आरडीएस रोज स्नॅपशॉट काढतं, लॉग दर पाच मिनिटांनी एस३ वर ठेवतं आणि त्यामुळे गेल्या ३५ दिवसांपर्यंतच्या हव्या त्या क्षणाला डेटाबेस परत उभा करता येतो. तीही रोजकिर्दीचीच करामत. रेप्लिका मात्र ‘ड्रॉप टेबल’ ही आज्ञासुद्धा तितक्याच इमानाने पाळते.

ऑरोरानंतर इतरांनीही साठवणूक सर्व्हरपासून सोडवली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सॉक्रेटिस नावाच्या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला, ज्यात लॉग आणि पानं यांची यंत्रंही वेगवेगळी केली आहेत. गूगलने २०२२ मध्ये पोस्टग्रेससाठी अलॉयडीबी आणलं. गूगलच्या स्पॅनरची जात वेगळी, ते अणुघड्याळं वापरून खंडाखंडांत पसरतं. तो स्वतंत्र लेखाचा विषय.

महाराष्ट्राचा यात थेट संबंध आहे. मायक्रोसॉफ्ट ज्याला ‘सेंट्रल इंडिया’ म्हणतं ते केंद्र पुण्यात आहे, २०१५ पासून. अ‍ॅमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये दोन झोननिशी सुरू झाला, आज तीन आहेत. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकात पेमेंट यंत्रणांचा सगळा डेटा भारतातच ठेवायला सांगितला आणि सहा महिन्यांची मुदत दिली. तेव्हा एक अडचण उघडी पडली. मुंबई पूर्ण बंद पडली तर म्हणून दुसऱ्या विभागात प्रत ठेवायची, तर अ‍ॅमेझॉनचा भारतात दुसरा विभागच नव्हता, आणि सिंगापूरला नियमात जागा नव्हती. हैदराबाद सुरू झालं नोव्हेंबर २०२२ मध्ये.

मुंबई-हैदराबाद अशी प्रत ठेवताना ती मागाहून भरणारीच घ्यावी लागते, आणि याला कारण भौतिकशास्त्र आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हवाई अंतर सहाशेच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन निदान सहा मिलिसेकंद, आणि तारा काही सरळ रेषेत जात नाहीत. प्रत्येक कमिट हैदराबादच्या पोचेसाठी थांबलं तर गर्दीच्या वेळी रांग लागेल. एका विभागातले झोन शंभर किलोमीटरच्या आत ठेवतात ते म्हणूनच. विभागांतर्गत प्रत कमिटबरोबर, विभागाबाहेरची मागाहून. दोन विभागांत हललेल्या डेटाचे पैसे वेगळे लागतात. आरडीएस मल्टी-एझेडमध्ये एका विभागातल्या झोनांमधली प्रतीची वाहतूक मात्र फुकट आहे.

आता सुरुवातीच्या त्या ओळीचा हिशेब मांडू. ऑरोराच्या साधारण प्रकारात व्हर्जिनियाच्या दराने दहा लाख आय/ओला २० सेंट पडतात. मुंबईचे दर थोडे वेगळे, गणित तेच. मायएसक्यूएल-ऑरोरात मेमरीत नसलेलं १६ केबीचं एक पान साठवणुकीतून आणलं की एक आय/ओ. लिहिताना लॉगच्या दर ४ केबीला एक.

एक टेबल घ्या: दहा कोटी रांगा, रांग साधारण २०० बाइटची, म्हणजे २० जीबी, सुमारे बारा लाख पानं. सर्व्हरची मेमरी १६ जीबी, त्यामुळे टेबल मेमरीत मावत नाही. एका ग्राहकाच्या ऑर्डरी शोधणारी क्वेरी आहे आणि ग्राहक क्रमांकावर इंडेक्स नाही. ती सगळी टेबल चाळते. बारा लाख आय/ओ, २४ सेंट. किरकोळ वाटतं. पण ही क्वेरी एखाद्या अहवालात आहे आणि तो दर दहा मिनिटांनी ताजा होतो, दिवसात १४४ वेळा. दिवसाला साडेचौतीस डॉलर, महिन्याला हजार डॉलरच्या घरात. इंडेक्स टाकला की तीच क्वेरी काही डझन पानांत उरकते आणि ओळ बिलातून जवळजवळ नाहीशी होते. आपल्या सर्व्हरवर हीच क्वेरी चालली असती तर पंखा जरा जोरात फिरला असता, एवढंच. क्लाउडवर आळशी क्वेरीवर किमतीची चिठ्ठी लागते.

ग्राहकांना ही ओळ नको होती. महिन्याचा अंदाज बांधता येत नाही ही तक्रार रास्तच होती. म्हणून मे २०२३ मध्ये ‘आय/ओ-ऑप्टिमाइज्ड’ हा प्रकार आला. त्यात आय/ओचे पैसे नाहीत, पण साठवणूक १० ऐवजी साडेबावीस सेंट आणि सर्व्हरचं भाडं सुमारे तीस टक्के जास्त. एकूण ऑरोरा-बिलात आय/ओचा वाटा पंचवीस टक्क्यांच्या वर असेल तर हा प्रकार परवडतो, असं कंपनीच सांगते. माझं मत थोडं वेगळं आहे. वाटा पंचवीसच्या वर गेला की आधी क्वेरी तपासाव्यात. इंडेक्स घालूनही तो तेवढाच राहिला, तर भार खरोखरच लेखनाचा आहे, मग खुशाल बदलावं. उलट क्रमाने केलं तर चुकलेली क्वेरी बिलातून गायब होते आणि सर्व्हर मोठा करण्याच्या रूपाने दुसऱ्या दाराने परत येते.

बाकीच्या ओळी लवकर समजतात, पण प्रत्येकीत एक खोच आहे. एक किंवा तीन वर्षांची हमी दिली तर सर्व्हरचं भाडं बरंच उतरतं, मात्र हमी दिल्यावर सर्व्हर बंद ठेवला तरी पैसे जातात. शनिवार-रविवार चाचणीचा आरडीएस सर्व्हर थांबवून ठेवता येतो, साठवणुकीचं भाडं चालू राहतं. पण सात दिवसांनी तो आपोआप सुरू होतो. दिवाळीच्या सुट्टीत थांबवलेला सर्व्हर सुट्टीतच जागा होऊन मीटर फिरवू लागतो. ऑरोरा सर्व्हरलेसच्या दुसऱ्या आवृत्तीत भाराप्रमाणे ताकद कमी-जास्त होते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती शून्यावरही नेता येते. दिवसातून दोन तास चालणाऱ्या कामाला ती उत्तम. चोवीस तास सारखा भार असेल तर साधा सर्व्हरच स्वस्त. आणि जुन्या आवृत्तीला दंड आहे. मायएसक्यूएल ५.७ ची नेहमीची मुदत आरडीएसवर २९ फेब्रुवारी २०२४ ला संपली. त्यानंतर तीच आवृत्ती चालवायची तर दर व्हीसीपीयूमागे तासाला १० सेंट जादा, तिसऱ्या वर्षी २०. १० सेंटच्या दरानेच आठ व्हीसीपीयूच्या सर्व्हरला महिन्याचे ५८४ डॉलर, नुसते अपग्रेड न केल्याचे.

एखादा क्लास, दवाखाना किंवा सोसायटीचं ॲप यांना यातलं फारसं काही लागत नाही. एक लहान सर्व्हर, मल्टी-एझेड नाही, पाच-सात दिवसांचे बॅकअप एवढ्यावर भागतं. सहा प्रतींची चैन त्यांची, ज्यांचा डेटाबेस एक मिनिट बंद पडला तर पैसे किंवा विश्वास जातो.

लहान असो वा मोठा, बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करून पाहणं कुणालाच चुकत नाही, आणि त्याची रीतही माहीत हवी. मागच्या क्षणाला परत जाणं म्हणजे चालू डेटाबेसची सुई मागे फिरवणं नव्हे. आरडीएस नवाच डेटाबेस उभा करतं, नव्या पत्त्यावर, आणि ॲपला तो पत्ता द्यावा लागतो. नव्या डिस्कवरची पानं पहिल्यांदा मागितली जातील तशी एस३ वरून येतात, म्हणून पहिला तास-दोन तास तो रखडत चालतो. त्याच्यावर प्रत्येक मोठी टेबल एकदा मुद्दाम वाचून घ्यावी, मगच ग्राहकांसाठी दार उघडावं. जुना डेटाबेस तोवर पुसू नये. दोन्हींचं भाडं तेवढे दिवस चालू राहतं.